विकलेल्या गाडीचा मालक

गाडी घेणे हा पैशाचा प्रश्न आहे. गाडी विकणे हा मोक्षाचा. देह सुटला तरी आत्म्याची सुटका झाली की नाही, हे जसं इथे बसून कळायला मार्ग नाही, तसंच गाडी गेली, पैसे आले, पेढे वाटून झाले, तरी आपण तिच्यातून सुटलो की नाही हे विकणाऱ्याला कळत नाही. फाटकाजवळची जागा रिकामी दिसते, तिथे शेजाऱ्यांची स्कूटर येऊन उभी राहते, आपण पुन्हा बसच्या रांगेत उभे राहायला लागतो, आणि सरकारदरबारी मात्र आपण चारचाकीचे मालक असतो. या गोष्टीबद्दल मला भांडायचं आहे. भांडण म्हटलं की पुष्कळ मंडळी आर.टी.ओ.च्या नावाने बोटं मोडायला तयारच असतात. त्यांनी जरा थांबावं. माझं म्हणणं निराळं आहे.

मी कागदांच्या विरुद्ध नाही. असणं शक्य नाही. मी बी.कॉम. आहे आणि वीसेक वर्षं बँकेत कारकून आहे. (हल्ली आम्हाला कारकून म्हणत नाहीत, ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. काम तेच. गिऱ्हाईक शिव्या देतं त्याही त्याच.) ‘इतके कागद कशाला हो?’ हा प्रश्न मला दिवसातून किमान आठ वेळा विचारला जातो आणि विचारणारा प्रत्येक इसम आपल्याला हा प्रश्न नव्यानेच सुचला आहे अशा चेहऱ्याने विचारतो. गाडीचं कर्ज फिटलं की आर.सी.वरची एच.पी. उतरवायला नमुना ३५ लागतो. तो दोन प्रतींत तयार करून साहेबांच्या सहीला ठेवणं आणि सही झाली की तिच्यावर बँकेचा गोल शिक्का नीट उठवणं, हे आमच्या शाखेत माझं काम आहे. तेव्हा मोटारगाड्यांच्या कागदांकडे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे. एवढा अधिकार लेख लिहायला पुरेसा समजला जावा.

आमची गाडी म्हणजे २०१२ साली घेतलेली अल्टो. तेरा वर्षांत तिने आम्हाला कोकणात नेलं, पंढरपूरला नेलं, दोनदा मध्यरात्री दवाखान्यात नेलं आणि एकदाही रस्त्यात बसली नाही. २०२५ साली ती विकायचं ठरलं तेव्हा मी रीतसर यादी केली. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे. त्यांतला नमुना २९ म्हणजे विकणाऱ्याने ‘मी ही गाडी अमुक तारखेला अमक्याला दिली’ असं कळवायचं पत्र. तेही दोन प्रतींत. नमुना ३० हा दोघांचा अर्ज: एका भागात विकणारा, दुसऱ्यात घेणारा. या जोडीला बाजारात ‘टी.टी. फॉर्म’ म्हणतात आणि कचेरीसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तो संच वडापावसारखा तयार मिळतो. गाडी परराज्यात जाणार असेल तर नमुना २८ भरून ना-हरकत घ्यायची. लिलावात घेतली असेल तर ३२. मालक वारला असेल तर वारसाने ३१ भरायचा. म्हणजे बघा, मालकाने मरण्याला एक नमुना पुरतो, जिवंतपणी विकायला दोन लागतात.

शिवाय विमा चालू हवा, पी.यू.सी. ताजं हवं, पत्त्याचे पुरावे हवेत, फोटो हवेत. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना महाराष्ट्रात २०२५ साली ती उच्च सुरक्षेची नंबरपाटी बसवायला लावली. ती नसेल तर पुढचं काम नाही. तीही बसवून घेतली. तेरा वर्षं जुन्या पाटीने तक्रार न करता काम केलं आणि गाडी घरातून जायच्या आधी तिला नवी पाटी लागली. सासरी जाणाऱ्या मुलीला नवं लुगडं घ्यावं तसं.

यादीतला खरा गमतीचा कागद म्हणजे चॅसी नंबरचा छाप. तो पेन्सिलीने काढायचा असतो. इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर आकडे खोदलेले असतात, त्यांच्यावर पातळ कागद धरायचा आणि शिसपेन्सिल आडवी घासत जायची. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून आपण राजमुद्रा काढायचो अगदी तसंच. मी बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरून हा उद्योग करत होतो तेव्हा खालच्या मजल्यावरचे दोन गृहस्थ येऊन ‘बिघडली का?’ असं आनंदाने विचारून गेले. सहाव्या प्रयत्नात सगळे आकडे उठले. उपग्रह, बारकोड आणि बोटांचे ठसे यांच्या काळात सरकारचा शिसपेन्सिलीवर अजून विश्वास आहे, याचं मला मनापासून समाधान वाटलं. हे उपरोधाने म्हणत नाही. पेन्सिलीचा छाप घ्यायचा म्हणजे माणूस गाडीजवळ गेलेला असलाच पाहिजे.

तेव्हा कागद जास्त आहेत ही माझी तक्रार नाही. माझी तक्रार अशी, की एवढ्या कागदांत एक कागद कमी आहे, आणि नेमका तोच विकणाऱ्याच्या कामाचा आहे.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५०. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं आणि त्याची प्रत घेणाऱ्याला पाठवायची. घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत आपण होऊन कळवायचं, आर.सी. आणि फी जोडायची. इतकं सरळ आहे. दोन माणसं, दोन मुदती, दोन पत्रं. ज्या कोणी हे कलम लिहिलं त्याला व्यवहार कळत होता. विकणारा आणि घेणारा यांचं एकमेकांशी पुढे पटेलच असं नाही, तेव्हा प्रत्येकाने आपापलं तोंड सरकारकडे करून आपापलं सांगावं, असा त्यातला शहाणपणा. आमच्या बँकेतसुद्धा चेक देणाऱ्याने आणि चेक भरणाऱ्याने हातात हात घालून यावं अशी अट नसते.

आता प्रत्यक्ष. गाडी दिल्याच्या चौथ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून कचेरीत गेलो. (कुठल्या, ते विचारू नका. कारण पुढे येईलच, आणि शिवाय मला त्याच गावात राहायचं आहे.) नमुना २९ दोन प्रतींत, सुवाच्य अक्षरात, घेणाऱ्याचं नाव-पत्ता, त्याची सही, गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ. खिडकीत माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच चष्मा कपाळावर सरकवलेला गृहस्थ होता. पाहताक्षणी आपलेपणा वाटला.

‘घेणारा कुठाय?’ त्यांनी विचारलं.

‘तो येईल त्याच्या तीस दिवसांत. मी माझ्या चौदा दिवसांत आलोय.’

‘मग ते आले की एकत्रच द्या, साहेब.’

‘पण माझे चौदा दिवस?’

‘ते त्यांच्या तिसांत बसतात की!’

वाणिज्य शाखेत मला पाच वर्षं गणित होतं, पण हे उत्तर मला खोडता आलं नाही. चौदा तिसांत बसतात हे खरंच आहे. मी म्हटलं, एक प्रत ठेवून घ्या आणि दुसरीवर नुसता पोचल्याचा शिक्का द्या. ते म्हणाले, ‘कशाचा शिक्का देऊ? अर्ज पुरा नाही. फी नाही. आर.सी. नाही.’ आर.सी. घेणाऱ्याकडे, कारण कायद्याप्रमाणे ती त्यानेच जोडायची. ‘ऑनलाइन टाका,’ त्यांनी मागच्या रांगेकडे बघत सांगितलं. ऑनलाइन टाकायला बसलो तर समोर जे पान उघडलं त्याला नव्या मालकाची सगळी कुंडली हवी होती आणि नव्या मालकाच्या मोबाइलवर जाणारा ओ.टी.पी. हवा होता. नवा मालक त्या वेळी मेहुणीच्या बारशाला गेला होता. फोन उचलला तेव्हा मागे पाळणा चालू होता.

त्या खिडकीतल्या गृहस्थांचा मला राग नाही, हे लिहून ठेवतो. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. ज्या कागदाला खातंच नाही तो कागद कारकून घेणार कसा? दोष आहे तो खातं न उघडणाऱ्याचा. कायद्याने दोन पत्रं सांगितली, व्यवहाराने ती एका फाइलीत टाचणीने जोडली, आणि फाइल हलवायची दोरी दिली एकट्या घेणाऱ्याच्या हातात. त्याला गाडी मिळालेली आहे. ती नाव बदलल्यामुळे लिटरमागे जास्त धावणार नाही. मग तो कशाला घाई करील?

याला आमच्या शास्त्रात एक नाव आहे. एखादी रक्कम आली, पण कोणाच्या खात्यात टाकायची ते ठरत नाही, की ती ‘सस्पेन्स’ खात्यात टाकतात. पण तिथेसुद्धा एक नियम आहे: सस्पेन्सची नोंद रोज संध्याकाळी कोणाच्या तरी डोळ्यांखालून जाते आणि ती फार दिवस राहिली की तपासनीस येऊन साहेबांना घाम फोडतो. विकलेली पण नावावर न झालेली गाडी ही या देशातली एकमेव सस्पेन्स नोंद आहे, जिच्याबद्दल कोणालाच घाम फुटत नाही. फक्त विकणाऱ्याला फुटतो. आमच्याकडे एखाद्या आजीबाईंनी शंभर रुपये भरले तरी स्लिपच्या अर्ध्या तुकड्यावर शिक्का मारून आम्ही तो त्यांच्या हातात देतो. त्या तो तुकडा पासबुकात, पासबुक पिशवीत आणि पिशवी कमरेला खोचून घरी जातात. अख्खी मोटार दिल्याचा असा तुकडा मात्र नाही.

आमचा घेणारा वाईट माणूस नाही. पैसे त्याने एकरकमी दिले, गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली आणि आमच्या सौभाग्यवतींना वाकून नमस्कार केला. ‘वहिनी, गाडी नाही नेत, तुमची लक्ष्मी नेतोय,’ असंही म्हणाला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर मी त्याला दर रविवारी फोन करू लागलो. पहिल्या रविवारी बारसं. मग पी.यू.सी. काढायचं राहिलं. मग पितृपक्ष, पितृपक्षात वाहन नावावर कसं करणार? मग दसऱ्याला नक्की. दसऱ्याला कचेरी बंद, हे त्याला दसऱ्यादिवशी कळलं. मग दिवाळी. मग मुलाची सहामाही. मग ‘एजंटला दिलंय, साहेब, झालंच समजा’. ‘झालंच समजा’ हा मराठी भाषेतला एक स्वतंत्र काळ असून त्याचा भूतकाळाशी काहीही संबंध नाही.

मधे एकदा माझ्या मोबाइलवर दंडाचं चलन आलं. वेगमर्यादा ओलांडल्याचं. फोटो उघडून पाहिला. गाडी स्वच्छ धुतलेली होती, मागच्या काचेवर कुलदेवतेचं नाव नव्याने घातलं होतं. आधी बरंच वाटलं. तेरा वर्षांत मी तिला सत्तरच्या वर नेली नव्हती. मनात म्हटलं, पोरीने नाव काढलं. मग दंडाचा आकडा वाचला. तो घेणाऱ्याने लगेच भरला, हेही सांगायला हवं. असा माणूस रागवायलासुद्धा सोयीचा नसतो.

शेजारच्या मास्तरांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांनी आपली गाडी पुण्याच्या बाजूला विकली आणि काचेवरचा फास्टॅग तसाच राहिला. एका शुक्रवारी पहाटे मास्तरांच्या फोनवर संदेश यायला लागले. खेड शिवापूर. आनेवाडी. तासवडे. मास्तर भूगोलाचे, पुढचा नाका किणीचा हे त्यांनी संदेश यायच्या आधीच मला गॅलरीतून सांगितलं. दुपारपर्यंत गाडी कोल्हापुरात पोचली, म्हणजे अंबाबाईचं दर्शन झालं असणार, आणि रविवारी त्याच नाक्यांनी उलटी परत आली. मास्तरांचा प्रश्न असा होता, की टोल त्यांनी भरला तर यात्रेचं पुण्य कोणाचं? मी त्यांना टॅग बंद करायला लावला. त्याला किती वेळ लागला? चहा निवायच्या आत. म्हणजे जिथे दोनतीनशे रुपयांचा प्रश्न आहे तिथे ‘गाडी माझी नाही, मला मोकळं करा’ असं विकणारा एकटा सांगू शकतो आणि ते ऐकलं जातं. जिथे लाखांचा प्रश्न आहे तिथे सांगायची सोय नाही.

लाखांचा कसा? आता हसू जरा बाजूला ठेवतो. कायद्यात मालक म्हणजे कोण याची व्याख्या कलम २, पोटकलम ३० मध्ये आहे: ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे तो. पैसे कोणी दिले, किल्ली कोणाकडे आहे, लिंबं कोणी ठेवली, याचा त्यात उल्लेख नाही. २००७ साली एका गृहस्थांनी आपली गाडी विकून ताबा दिला. ती पुढे दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, तिसऱ्याकडून चौथ्याकडे गेली. नोंद कोणीच बदलली नाही. मे २००९ मध्ये त्या गाडीने अपघात केला, त्यात एक जीव गेला. भरपाई कोणी द्यायची हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये निकाल लागला, की ज्यांच्या नावावर नोंद आहे त्या पहिल्या गृहस्थांनी. गाडी हातावेगळी होऊन तेव्हा दहा वर्षं उलटून गेली होती.

मी तो निकाल वाचला. पहिल्यांदा हातपाय गार पडले. दुसऱ्यांदा वाचल्यावर पटला. ज्याचं माणूस गेलं त्याने दारोदार हिंडून ‘गाडी नक्की कोणाची हो?’ असं का विचारत बसावं? त्याला नोंदवहीत एक नाव मिळालंच पाहिजे, आणि ते खरं धरलंच पाहिजे. न्यायालयाचं बरोबर आहे. पण मग ज्या नोंदवहीवर एवढा भार टाकलात, तिच्यात आपलं नाव खोडून घेण्याची वाट विकणाऱ्याला मोकळी नको का? फाशीचा दोर नोंदवहीला बांधायचा आणि नोंदवहीची किल्ली मेहुणीच्या बारशाला गेलेल्या माणसाकडे ठेवायची, हा कुठला न्याय?

या विषयावर शहाणे लोक दोन-तीन उपाय सांगतात. त्यांचा समाचार घेतो.

पहिला उपाय: स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या. घेतलं आहे. शंभराचा मुद्रांक महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा झाला, म्हणून पाचशेच्यावर घेतलं आहे. त्यावर ‘आजपासून सर्व जबाबदारी लिहून घेणार यांची’ असं ठळक अक्षरात आहे. ते उत्तम आहे. उद्या मला भरपाई द्यावी लागली, तर तो कागद दाखवून मी घेणाऱ्यावर दावा लावू शकेन आणि माझी मुलगी तो पुढे चालवील. पण ज्याला ठोकर बसली त्याने तो कागद लिहिलेला नाही, त्यावर सही केलेली नाही, आणि त्याच्यावर तो बंधनकारक नाही.

दुसरा: सह्या करून कोरे फॉर्म देऊन टाका आणि विसरून जा. हा उपाय देणारे बहुधा आपले नातेवाईकच असतात. कोरा फॉर्म म्हणजे कोरा चेकच. फरक एवढाच, की कोऱ्या चेकवर आपल्या खात्यात असतील तेवढेच पैसे जातात.

तिसरा: एजंट. एजंटांबद्दल मी वाईट बोलणार नाही. या राज्यात नमुना २९ आणि ३० यांतला फरक न अडखळता सांगू शकणारी ती एकच जमात आहे. पण एजंटलासुद्धा घेणाऱ्याची सही आणि ओ.टी.पी. लागतोच, तोही बारशातून माणूस उठवून आणू शकत नाही.

चौथा उपाय मात्र खरा आहे, आणि माझी बाजू भक्कम करणाराही तोच. गाडी व्यापाऱ्याला विका. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियमांत भर घातली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आर.टी.ओ.कडून अधिकारपत्र घेतलेल्या व्यापाऱ्याच्या ताब्यात गाडी दिली, की तशी वर्दी देण्याची रीत त्यात ठरवली आहे आणि गाडी ताब्यात असताना व्यापाऱ्याची जबाबदारी काय हेही लिहिलं आहे. म्हणजे मुद्दा सरकारला कळलेला आहे! नाव बदलायच्या आधी ‘गाडी दिली’ एवढीच नोंद घेता येते, तिला अर्थ देता येतो, संगणक त्याने कोसळत नाही, हे सरकारने स्वतःच सिद्ध केलं आहे. मग हीच सोय शेजाऱ्याला, सहकाऱ्याला, साडूला गाडी विकणाऱ्या साध्या माणसाला का नाही? व्यापाऱ्याकडे निदान पाटी असते, दुकान असतं, अधिकारपत्र असतं, तो सापडतो. हरवतो तो साडू.

कोणी म्हणेल, अशी सोय दिली तर लबाड लोक अपघात करून ‘गाडी मी कालच विकली’ म्हणतील. हा आक्षेप वजनदार आहे. असले लोक मी रोज बघतो. पण मी नुसत्या तोंडी सांगण्यावर विश्वास ठेवा म्हणत नाही. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, सही नमुना २९ वर आताही असते. ती सही घेणाऱ्याच्या आधारशी पडताळा, दोघांचा गाडीसह फोटो घ्या, हवं तर माझा अंगठा घ्या, पेन्सिलीचा छाप तर मी सहा प्रयत्नांनंतर उत्तम काढतो. हे सगळं गाडी देण्याच्या दिवशी, घेणारा हार घालायला समोर उभा असतानाच होऊ द्या. आणि मग आर.सी.च्या नोंदीत माझ्या नावाखाली एकच ओळ चढवा: ‘विकल्याची वर्दी मिळाली, अमुक तारीख, घेणार अमुक.’ माझं नाव खोडू नका. उलट ज्याला ठोकर बसली त्याला एकाऐवजी दोन नावं सापडतील, त्यात गाडी खरोखर चालवणाऱ्याचं एक. त्याचंही भलं होईल. चलन दुसऱ्या नावाला जाईल. घेणाऱ्याच्या तीस दिवसांचं घड्याळ त्या तारखेपासून चालू होईल आणि तीस संपले की त्याच्या फोनची घंटा वाजेल, माझ्या नव्हे. सरकारचा यात खर्च किती? एका ओळीचा. आणि मला काय हवं? एक आकडा आणि एक तारीख. शंभर रुपये भरणाऱ्या आजीबाईंना देतो तेवढं.

दुसऱ्यांदा कचेरीत गेलो तेव्हा मी खिडकीकडे फिरकलोच नाही. सरकारी कचेरीत आवक-जावक नावाचं एक टेबल असतं. तिथे बसणाऱ्याला कागदात काय लिहिलं आहे याच्याशी कर्तव्य नसतं; कागद आला एवढं त्याला पुरतं. मी अर्ज लिहिला, नमुना २९ सोबत जोडला आणि दुसरी प्रत पुढे केली. बाईंनी वर न बघता शिक्का मारला. आवक क्रमांक, तारीख. शिक्का थोडा तिरका उठला होता. मी असतो तर सरळ उठवला असता. बाहेर आल्यावर मी त्या कागदाच्या तीन झेरॉक्स काढल्या. घरी संगणकावर गाडीचा नंबर घालून बघितलं. मालक म्हणून माझंच नाव होतं. आजही आहे. सातवा महिना चालू आहे.

परवा रविवार नसतानाही घेणाऱ्याचा फोन आला. आवाजात उत्साह होता. म्हणाला, ‘साहेब, गाडीला गिऱ्हाईक आलंय. चांगला माणूस आहे, सांगलीचा. तुम्ही फक्त नव्याने दोन सह्या करून द्या. तुमच्याकडून डायरेक्ट त्याच्या नावावर करू, मधे उगीच माझं नाव कशाला?’

मी विचारलं, केवढ्याला देताय?

मी त्याला दिली त्यापेक्षा पंधरा हजारांनी जास्त.